एका आगबोटीचे दोन यार्ड: डम्बार्टन आणि डल्ला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाच्याला घेऊन तुम्ही रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला गेलात. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी थिबा राजाला मंडालेहून ‘थूरिया’ नावाच्या आगबोटीत बसवलं आणि इरावतीतून खाली नेलं, हे तिथे कळलं. घरी येऊन शोधलंत, तर ती बोट इरावदी फ्लोटिला कंपनीची निघाली. या कंपनीच्या बऱ्याचशा बोटी स्कॉटलंडमधल्या डम्बार्टन गावी डेनी यांच्या यार्डात बांधलेल्या असत, हेही वाचलंत. तिथे भाच्याने अडवलं: नदीतली सपाट तळाची बोट एवढा समुद्र ओलांडून आली कशी? वाटेत बुडाली कशी नाही? त्याला तुमची पुरवणी अशी, की ब्रह्मदेशात सागाची एवढी जंगलं असताना बोट तिथेच का बांधली नाही?

भाच्याला नेमकं तेच खटकलंय जे यार्डातल्या माणसाला खटकेल. मी चौतीस वर्षं बोटी बांधण्या-दुरुस्त करण्याच्या धंद्यात काढली, त्यातली बहुतेक गोव्यात मांडवीच्या काठी, खनिज वाहणाऱ्या बार्जेसवर. वाफेवरची बोट मी बांधलेली नाही, तो काळ माझ्या आधीच संपला होता. पण उथळ पाण्यासाठी बांधलेलं धूड समुद्राच्या लाटेवर काय करतं ते पाहिलंय, आणि बोट सुटी करून दुसरीकडे नेऊन जोडायचा उद्योग एकदा अंगाशीही आलाय. त्या जोरावर उत्तर देतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: बोट आधी पुरी होते आणि मग प्रवासाला निघते. नदीच्या आगबोटींचं पुष्कळदा तसं नसे. डम्बार्टनहून निघायची ती बोट नव्हेच. निघायचे ते नंबर घातलेले पत्रे, बरगड्या, इंजिनाचे भाग आणि पत्रे जोडायच्या खिळ्यांची, म्हणजे रिव्हेटची, पिंपं. बोट व्हायची ती रंगूनसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, डल्ला नावाच्या यार्डात. म्हणून ‘कुठे बांधली’ याला एकच गाव सांगता येत नाही.

आता हे सरसकट विधान नाही, परिस्थितीवर बरंच अवलंबून होतं. बोट किती मोठी, कुठल्या मोसमात पाठवायची, पोचायच्या ठिकाणी यार्ड आहे की नुसता वाळूचा काठ, यावर तीन वाटा होत्या. काही बोटी खिडक्या-दारं फळ्यांनी ठोकून बंद करून, आतून टेकू देऊन, स्वतःच्या वाफेवर किंवा दुसऱ्या जहाजामागे ओढत समुद्रातून नेत. त्यात जोखीम मोठी, विम्याचा हप्ताही तसाच. दुसरी वाट म्हणजे बोटीचे मोठमोठे, स्वतंत्रपणे तरंगणारे डबे करायचे आणि ते पाण्यातच एकमेकांना बोल्टने जोडायचे. यॅरो या इंग्लिश बांधणाऱ्याने नाइल नदीवरच्या मोहिमांसाठी हा प्रकार गाजवला, कारण तिथे बोट ठेवून बांधायला उतारच नव्हता. तिसरी वाट पूर्ण सुटे भाग. डल्लाला यार्ड होतं, म्हणून इरावतीला ही तिसरी वाट सोयीची.

पण समुद्रातून सरळ आणण्यात एवढं अवघड काय होतं? इथे नदीपासून सुरुवात करावी लागते. इरावतीचं पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मंडालेजवळ तीस फुटांहून जास्त वरखाली होतं. पावसाळ्यात समुद्रासारखी पसरलेली नदी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूच्या पट्ट्यांमधून वाट काढत वाहते, आणि ती वाट दर वर्षी, कधी दर आठवड्याला बदलते. बांबूच्या खुणा रोवून वाट दाखवणारी माणसं कंपनीला कायमची पदरी ठेवावी लागत. अशा नदीत वर्षभर धंदा करायचा तर बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे तळ पाण्यात किती बुडतो ते माप, कोरड्या दिवसांत चार फुटांच्या आसपास ठेवणं भाग. आम्ही मांडवीत हेच वेगळ्या रूपात भोगलंय. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा बंद झाला, की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून वळवून मुरगावला न्यायची. पाणी किती आहे ते नदी सांगणार, आपण फक्त ऐकायचं.

थोडा हिशोब करून दाखवतो, भाच्यालाही जमेल. फ्लोटिला कंपनीच्या सगळ्यात मोठ्या, ‘सियाम’ वर्गाच्या बोटी ३२६ फूट लांब होत्या. रुंदी हिशोबापुरती ४५ फूट धरू. दोन्ही टोकं निमुळती असतात, म्हणून पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ पूर्ण आयताच्या ८५ टक्के धरलं, तर साधारण साडेबारा हजार चौरस फूट येतं. बोट एक इंच खाली बसली की हजार-एक घनफूट पाणी बाजूला सरतं. गोड्या पाण्याचा टन म्हणजे सुमारे ३६ घनफूट. म्हणजे एक इंच बसायला जवळजवळ २९ टन लागतात. या बोटींवर डेकवर चार हजारांहून जास्त उतारू नेण्याचा परवाना होता. माणशी ५० किलो धरा, चार हजारांचे झाले २०० टन. सबंध गाव बोटीवर चढलं आणि ती बसली जेमतेम सात इंच! नदीच्या बोटीची सगळी करामत या लांबीरुंदीत आहे.

हाच हिशोब उलटा फिरवा. समुद्राच्या भरवशासाठी तळाचा आणि बाजूंचा पत्रा फक्त एका सुताने जाड करायचा ठरवला, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्या मोठ्या बोटीला ते चाळीसेक टन होतात. बोट दीड इंच कायमची खाली. वाळूच्या पट्ट्यावरून घासत जाणाऱ्या बोटीला दीड इंच म्हणजे काही वेळा महिनाभराचा धंदा. त्यामुळे पत्रा पातळच ठेवायचा, आणि पातळ पत्र्याची बोट समुद्रात न्यायची नाही.

पातळ पत्रा फाटतो म्हणून नाही हं. खरी भीती वाकण्याची. घरातली लाकडी फूटपट्टी घ्या, तिची दोन टोकं धरा आणि चपट्या बाजूने वाकवा. मग तीच उभी धरून वाकवायचा प्रयत्न करा. लांबीच्या मानाने खोली जितकी कमी तितकी पट्टी लवचिक. समुद्री जहाजाची लांबी त्याच्या खोलीच्या साधारण बारा-पंधरा पट असते. नदीच्या या बोटींचं प्रमाण त्याच्या दुपटीच्या घरात जातं. आता बोटीइतक्याच लांबीची लाट आली आणि तिचा माथा बोटीच्या मध्याखाली आला, तर दोन्ही टोकं अधांतरी लोंबतात. क्षणाने माथे टोकांखाली जातात आणि मधला भाग खाली ओढला जातो. दर आठ-दहा सेकंदांनी हे चालू, दिवसरात्र. आधी रिव्हेट सैल होतात, मग सांधे पाणी घेऊ लागतात, मग मध्येच पत्र्याला घडी पडते. जुन्या रिव्हेटच्या बार्जेस दुरुस्तीला आल्या की आम्ही लहान हातोडीने एकेक रिव्हेट वाजवत जायचो. घट्ट रिव्हेट खणखणीत बोलतो, सैल झालेला बद्द वाजतो. एखादी बार्ज चुकून खुल्या समुद्रात हेलकावे खाऊन आली असेल, तर बद्द आवाजांचा पट्टा बरोबर मध्यावर सापडायचा. कॅप्टनने काहीही सांगितलं तरी हातोडी खरं सांगायची.

शिवाय पॅडलची चाकं दोन्ही बाजूंना. बोट एका कुशीवर कलली की एक चाक हवेत फिरतं, दुसरं पाण्यात गुदमरतं, बोट गर्रकन वळू पाहते. चाकांच्या पुढेमागे डेक हलच्या, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाच्या, बाहेर फूटच्या फूट पसरलेलं, त्याला लाट खालून थपडा मारते. कोळशाला जागा थोडी, कारण नदीत ठिकठिकाणी इंधन मिळतं. हे सगळं नदीत शहाणपणाचं आणि दर्यात जीवघेणं.

तेव्हा सुटे भाग. हे काम डम्बार्टनला कसं चाले, ते बोटी बांधणाऱ्याच्या नजरेने सांगतो.

डम्बार्टन क्लाइड नदीच्या काठी, लेव्हन नावाची छोटी नदी तिला मिळते तिथे. डेनी बंधूंची कंपनी १८४४ ची. ‘कटी सार्क’ हे नावाजलेलं शिडाचं जहाज बांधणारी मूळ कंपनी बुडाल्यावर १८६९ मध्ये ते पुरं केलं ते डेनींनीच. अशा यार्डात नदीची बोट खऱ्या बोटीसारखीच उभी करत. कील, म्हणजे तळाचा कणा, मांडायची, बरगड्या उभ्या करायच्या, पत्रे चढवायचे, पण रिव्हेट मारायचे नाहीत. काही भोकं सोडून एकेका भोकात बोल्ट घालून सगळं तात्पुरतं आवळायचं. इंजिन जागेवर बसवून बघायचं. सगळं जुळलं की प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, बोल्ट काढायचे, गंज लागू नये म्हणून रंग द्यायचा आणि गठ्ठे बांधायचे. पत्र्यांना नाव देण्याची पद्धत आजही तीच आहे: कीलला लागून असलेली पत्र्यांची रांग ‘ए’, तिच्यावरची ‘बी’, आणि रांगेत पत्र्याचा क्रमांक, शिवाय डावी बाजू की उजवी. बॉयलर मात्र सुटा करता येत नाही. तो अख्खाच न्यावा लागतो, म्हणून पोचायच्या धक्क्यावरची क्रेन किती टन उचलते ते आधी विचारायचं आणि मगच बॉयलरचं माप ठरवायचं. बोटीचा आराखडा क्रेनपाशी अडतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अनुभवी माणूस पहिला फोन तिथेच करतो. त्या काळी अर्थात पत्र.

मग माल हेंडरसन कंपनीच्या ग्लासगो-रंगून जहाजांत चढायचा. १८६९ मध्ये सुएझ उघडल्यावर ही वाट पुष्कळच आखडली.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे खुणांचं महत्त्व कळेल. ऐंशीच्या दशकात सह्याद्रीतल्या एका धरणाच्या जलाशयासाठी पंचेचाळीस फुटी लाँच करायची होती. घाटातून अख्खी जाणार नाही, म्हणून आम्ही ती यार्डात बोल्टवर उभी केली, सोडली आणि ट्रकवर चढवली. नंबर घातले होते मीच, खडूने आणि थोडे रंगाने. जूनचा पहिला पाऊस घाटातच गाठला. वर पोचलो तर खडू धुऊन गेलेला आणि रंगाचे आकडे चिखलात. डाव्या-उजव्या बाजूचे पत्रे आरशातल्यासारखे सारखे असतात. जमिनीवर पडलेले असताना कुठला कुठल्या बाजूचा ते सांगता येत नाही, उलटा केला की एक दुसऱ्यासारखा दिसतो. दोन पत्रे आम्ही अदलाबदल करून चढवले आणि भोकं जुळेनात. मी उतावीळपणे म्हटलं, रीमर घालून भोकं वाढवू. बरोबरचे मिस्त्री मालवणचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते म्हणाले, “बाबा, भोक मोठं करणं सोपं. लहान कोण करणार?” साडेतीन दिवस एकेक पत्रा उचलून पुन्हा लावत बसलो. तेव्हापासून माझ्या हाताखालचा प्रत्येक तुकडा लोखंडी पंचाने ठोकून नंबरित होतो, दोन जागी.

माझे पत्रे होते ऐंशीच्या घरात. टिटिकाका सरोवरासाठी १८६२ मध्ये इंग्लंडहून पाठवलेल्या ‘यावारी’ आणि तिची जोडीदार ‘यापुरा’ या दोन बोटी मिळून २,७६६ तुकड्यांत होत्या, आणि ते तुकडे खेचरांच्या पाठीवरून अँडीज पर्वत चढवले. ‘यावारी’ पाण्यात उतरली १८७० मध्ये. एक तुकडा दरीत गेला तर नवा इंग्लंडहून. रंगूनचं त्या मानाने खूपच सोपं होतं, पण तत्त्व तेच.

आता डल्ला. लोकांच्या लिहिण्यात याच्याबद्दल फार कमी येतं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. डम्बार्टनला फोटो काढले जात, आराखडे जपले जात, मालकांची नावं रस्त्यांना दिली जात. पण हजारो भोकं जुळवून, तापलेले लालबुंद रिव्हेट घालून, ठोकून, पत्र्याच्या कडा छिन्नीने दाबून पाणबंद करण्याचं काम रंगूनच्या उन्हात झालं. एक रिव्हेट बसायला किमान चार जण लागतात: भट्टीवर तापवणारा, तो आत पोचवणारा, मागून जड लोखंड दाबून धरणारा आणि समोरून घण घालणारा. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळतो. वेळ चुकली तर तो आयुष्यभर बद्द वाजणार. समुद्रप्रवासात गठ्ठ्यातले पत्रे मुडपत, ते सरळ करायचे. क्लाइडच्या थंडीत जुळलेली भोकं रंगूनच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर केसभर सरकत, म्हणून पहाटे कोणती बाजू धरायची आणि दुपारी कोणती, हे ठरवावं लागतं. हे कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते काठावरच्या माणसाला कळतं. डल्लातली पोरं आधी जोडायला शिकली, मग दुरुस्तीत पत्रे बदलायला, मग नव्या कामाला. नुसतं जोडणारं यार्ड फार दिवस नुसतं जोडणारं राहत नाही.

या कंपनीच्या बोटींवरचे खलाशी बरेचसे चितगावचे. त्यांच्या हुद्द्यांची नावं ऐका: सारंग, सुकाणी, तांडेल. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर आजही हेच शब्द ऐकू येतात. इंग्रज मालक, स्कॉटिश लोखंड, आणि हुद्दे आपल्या दर्यावरचे.

मग सागाचं काय? हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. साग टिकतो यात वाद नाही. पण ती खोल पोटाची, शिडाची जहाजं. लाकडाच्या तीनशे फुटी उथळ बोटीत वर सांगितलेली वाकण्याची अडचण दुप्पट होते, कारण लाकडाच्या सांध्याला लोखंडाच्या रिव्हेटची ताकद येत नाही. ताकद आणायची तर लाकूड जाड घ्यावं लागतं, आणि जाड घेतलं की बोट बसते.

तरी लाकडाच्या नदीबोटी झाल्या, आणि जगात सगळ्यात जास्त गाजल्या त्याच. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी जेफरसनव्हिलला जेम्स हॉवर्ड नावाच्या, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने १८३४ मध्ये पहिली बोट बांधली, आणि त्या घराण्याचं यार्ड शंभराहून जास्त वर्षं चाललं. तिथे ओकची जंगलं यार्डाच्या दाराशी होती. वाकण्याची अडचण त्यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवली: डेकवर उंच खांब उभे करून त्यांवरून लोखंडी सळ्या पुढून मागे ताणायच्या, झुलत्या पुलासारख्या, आणि बोटीची लोंबणारी टोकं वर ओढून धरायची. सळ्यांना पिळाचे आटे असत, बोट वाकली की पिळून ताण वाढवायचा. मला ही युक्ती फार आवडते. पण त्या बोटी जिथे बांधल्या त्याच नदीत चालल्या, आणि आयुष्य थोडकं. आग, बॉयलरचे स्फोट, पाण्याखालचे ओंडके, बर्फ. हॉवर्डांची १८७८ ची देखणी ‘जे. एम. व्हाइट’ आठ वर्षांत जळून गेली. लाकूड स्वस्त होतं, नवी बांधायची. स्वतः जेम्स हॉवर्ड १८७६ मध्ये नदीतच बुडून गेला, फेरीवरून घोडागाडीसकट.

इरावतीवर हे गणित उलटं. तिथे साग होता, पण सागाला लंडनच्या बाजारात भाव होता. लोखंड-पोलादाचे पत्रे लाटणारा कारखाना मात्र जवळपास नव्हता, इंजिनाचे मोठे भाग ओतायची-कातायची सोय नव्हती. इंजिन आणि बॉयलर येणार क्लाइडहून, तर हलचे पत्रेही त्याच जहाजात आले तर काय बिघडलं? साग वापरला तो डेकच्या फळ्यांना, खोल्यांना.

पण खरं सांगायचं तर हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं वहीखात्यात आहे. कंपनी १८६५ मध्ये ग्लासगोला स्थापन झाली, दुसऱ्या ब्रह्मी युद्धानंतरच्या सरकारी बोटी घेऊन. कारभार हेंडरसन यांचा, आणि भागधारकांत मोठा माणूस पीटर डेनी. म्हणजे बोट मागवणारा, बोट बांधणारा आणि तिचे पत्रे वाहून नेणारा हे एकाच वर्तुळातले. अशा वर्तुळाला रंगूनमध्ये पूर्ण यार्ड उभारायची घाई कशाला असेल? माझ्या मते तांत्रिक कारणं पहिली वीस-तीस वर्षं खरी होती. नंतर ती सोयीची झाली. १८८५ च्या मोहिमेत जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य याच कंपनीच्या बोटी आणि त्यांच्या दोन्ही कुशींना बांधलेल्या सपाट मालवाहू फ्लॅट्समधून मंडालेला गेलं. दोन आठवड्यांत राज्य गेलं, २९ नोव्हेंबरला राजा बोटीत होता. वरच्या ब्रह्मदेशाचा व्यापार खुला झाला तो कोणाला, ते वेगळं सांगायला नको. मात्र त्याआधी थिबाचे वडील मिंडोन राजांनीही स्वतःसाठी आगबोटी घेतल्या होत्या, हे विसरू नका. वाफेचं मोल मंडालेलाही कळत होतं.

डेनींना एवढ्यावरून नुसते नफेखोर म्हणणं मात्र अन्याय होईल. पीटरचा मुलगा विल्यम याने १८८० मध्ये कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांना बक्षीस द्यायची पद्धत यार्डात सुरू केली. शोध लावणारा सुतार असो वा भट्टीवाला, पैसे मिळायचे. १८८३ मध्ये याच यार्डात शंभर मीटर लांबीचं पाण्याचं टाकं बांधलं, त्यात मेणाच्या नमुना बोटी ओढून पाण्याचा अवरोध मोजायचे. खासगी यार्डाचं जगातलं हे पहिलं असं टाकं. मला गंमत अशी वाटते, की सुट्या भागांनी पाठवलेल्या बोटीला डम्बार्टनचं पाणी कधी लागलंच नाही. तिथे तरंगायची ती तिची मेणाची प्रतिमा. खरी बोट पाण्याला पहिल्यांदा शिवायची रंगूनला. विल्यम डेनीने १८८७ मध्ये, चाळिशीच्या आत, ब्यूनस आयर्समध्ये स्वतःचा जीव घेतला. तिथेही तो नदीबोटींच्याच कंपनीच्या कामासाठी गेला होता.

पुढचं झटपट. विसाव्या शतकात कंपनीच्या ताफ्यात सहाशेच्या वर लहानमोठी जहाजं झाली. १८८९ पासून रंगून-मंडाले रेल्वे असूनही नदीवरची गर्दी हटली नाही, कारण काठावरच्या गावांना रेल्वे शिवतच नव्हती. १९४२ मध्ये जपानी सैन्य वर सरकलं, तसा कंपनीच्या माणसांनी आपलाच बहुतेक ताफा नदीत बुडवला. तळाला भोकं पाडून बोट बुडवायची म्हणजे काय, ते मी भोकं बुजवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून कल्पनेतही नीट पाहू शकत नाही. १ जून १९४८ ला ब्रह्मदेश सरकारने कंपनी ताब्यात घेतली. डम्बार्टनचं यार्ड १९६३ मध्ये बंद पडलं. डल्लाचं डॉकयार्ड सरकारी जलवाहतुकीकडे गेलं. जोडणारं यार्ड घडवणाऱ्या यार्डाहून जास्त जगलं!

भाच्याला घाईत सांगायचं तर एवढं सांगा: बोट बुडाली नाही, कारण ती बोट म्हणून आलीच नाही, सामान म्हणून आली. आणि अख्खी न येण्याचं कारण पत्रा पातळ, लांबी फार, खोली थोडी. फूटपट्टीचा प्रयोग करून दाखवा.

अशी बोट चालताना पाहायची झाली, तर स्कॉटलंडमध्ये लॉक कॅट्रिन या सरोवरावरची ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही छोटी वाफेची बोट आहे. १८९९ ची, डेनींचीच. यार्डात बोल्टवर उभी केली, सोडली, पडावांनी लॉक लोमंडमधून इन्व्हर्सनेडपर्यंत नेली, तिथून घोडागाड्यांनी डोंगर चढवून वरच्या सरोवराच्या काठी पुन्हा जोडली. रंगूनला जे हजारो मैलांवर झालं, ते तिथे घरच्या अंगणात झालं. मेणाच्या बोटींचं टाकंही डम्बार्टनला जपून ठेवलंय, आत जाऊन पाहता येतं.

राहता राहिला तुम्ही शेवटी कंसात विचारलेला प्रश्न, ‘थूरिया’चा अर्थ. बर्मी भाषेत पालीतल्या शब्दांमधला ‘स’ बोलताना ‘थ’सारखा होतो. पालीतलं ‘सुरिय’ तिथे ‘थूरिया’ झालं. आपला सूर्यच तो.